अँटेना लावून टीव्हीवर स्थानिक चॅनेल कशी आणावीत: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

टीव्हीच्या पाठीमागे अँटेनाचे एक सॉकेट असते. केबल, डिश, इंटरनेट यांपैकी काहीही नसताना त्या सॉकेटातून जवळच्या प्रक्षेपण केंद्राची खुली चॅनेल बघता येतात. काम अवघड नाही, पण क्रम चुकला की वैताग येतो. बहुतेक जण आधी सिग्नल वाढवणारा मोठा अँप्लिफायर आणतात, मग हाताला लागेल तो अँटेना, आणि टॉवर नेमका कुठे आहे हे शोधायला बसतात ते चित्र फुटायला लागल्यावर. इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी टीव्हीचा ट्यूनर, मग टॉवर, मग अँटेना, त्याची जागा, केबल, स्कॅन आणि अँप्लिफायर सगळ्यांत शेवटी. तोही लागलाच तर.

ट्यूनर आहे का, आणि कोणत्या पद्धतीचा?

जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात सिग्नल कमजोर असला तरी मुंग्यांच्या आडून चित्र दिसायचे. आता बहुतेक देशांत प्रक्षेपण डिजिटल आहे आणि ते वाचायला टीव्हीत त्याच पद्धतीचा ट्यूनर लागतो. युरोपात आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत डीव्हीबी-टी किंवा तिची पुढची आवृत्ती डीव्हीबी-टी२ चालते. भारतात दूरदर्शननेही डिजिटलसाठी टी२ च घेतली. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरियात एटीएससी, जपानमध्ये आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांत आयएसडीबी-टी, चीनमध्ये डीटीएमबी. एका पद्धतीच्या ट्यूनरला दुसरीचा सिग्नल कळत नाही. त्यामुळे एका देशातला टीव्ही दुसऱ्या देशात नेला, तर अँटेना कितीही चांगला असला तरी स्कॅनमध्ये शून्य चॅनेल येऊ शकतात.

माहितीपुस्तिकेत किंवा टीव्हीच्या मागच्या लेबलवर ट्यूनरची ओळ शोधा. डीव्हीबी घराण्यात शेवटचे अक्षर महत्त्वाचे: टी म्हणजे जमिनीवरच्या टॉवरसाठी, सी केबलसाठी, एस डिशसाठी. 'स्मार्ट' लिहिले आहे म्हणून टॉवरचा ट्यूनर असेलच असे नाही, आणि संगणकाच्या मॉनिटरमध्ये तर तो सहसा नसतोच. टी२ चे प्रक्षेपण असलेल्या ठिकाणी नुसता टी लिहिलेला टीव्ही चालत नाही. उलट बाजूने अडचण येत नाही. टी२ चा ट्यूनर सहसा जुना टी सिग्नलही वाचतो.

आणखी एक फसवी जागा चित्राच्या कोडिंगची, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीची. जर्मनीत २०१७ मध्ये टी२ सुरू झाले ते एचईव्हीसी कोडिंगसह. फक्त जुने एच.२६४ कोडिंग वाचणारा टी२ बॉक्स तिथे चॅनेलची नावे दाखवतो, कधी आवाजही देतो, पण पडदा काळाच राहतो. माणूस मग बिचाऱ्या अँटेनाला दोष देत बसतो. बॉक्स घेताना पद्धत आणि कोडिंग या दोन्ही ओळी वाचा.

ट्यूनर जुळत नसेल तर टीव्ही बदलायची गरज नाही. योग्य पद्धतीचा सेट-टॉप बॉक्स घ्यायचा, अँटेनाची केबल बॉक्सला लावायची आणि बॉक्सपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय. पुढचे सगळे तसेच. फक्त स्कॅन बॉक्सच्या मेन्यूतून करायचा, टीव्हीच्या नाही.

टॉवर शोधा

अँटेना विकत घेण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा: टॉवर कोणत्या दिशेला आहे, किती किलोमीटरवर आहे, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपण करतो, आणि त्याचे ध्रुवीकरण (लहरी ज्या पातळीत डोलतात ती) आडवे आहे की उभे. बऱ्याच देशांत प्रक्षेपक किंवा सरकारी नियामक हे नकाशावर दाखवतात. अमेरिकेत एफसीसीच्या आणि ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यूच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की यादी येते. असे काही नसेल तर आसपासच्या छपरांवरचे अँटेना बघा. सगळे एकाच दिशेला तोंड करून असतील तर टॉवर तिकडेच आहे, आणि त्यांच्या दांड्या आडव्या की उभ्या यावरून ध्रुवीकरणही कळते.

चॅनेलच्या क्रमांकाने फसू नका. पडद्यावर ४.१ दिसते म्हणजे ते केंद्र चौथ्या चॅनेलच्या फ्रिक्वेन्सीवर आहे असे नाही. ते नाव आहे. प्रत्यक्ष प्रक्षेपण यूएचएफच्या (टीव्हीच्या वरच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याच्या) भलत्याच क्रमांकावर चालू असू शकते. अँटेना निवडायला उपयोगाचा तो प्रत्यक्षातला क्रमांक, किंवा सरळ मेगाहर्ट्झमधला आकडा.

अंतराचा अंदाज घ्यायला एक सोपे गणित आहे. टॉवरची आणि तुमच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळे काढा, बेरीज करून ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. टॉवर १४४ मीटर आणि अँटेना ९ मीटर असेल तर १२ अधिक ३, म्हणजे १५, आणि गुणाकार जवळपास ६२. सपाट प्रदेशात साधारण इथवर लहरींची वाट मोकळी धरायची. त्यापलीकडेही सिग्नल पोहोचतो, पण भरवशाचा राहत नाही. हाच अँटेना ४ मीटरवर आणला तर गणितात फक्त चार किलोमीटर कमी होतात; प्रत्यक्षात मात्र फरक मोठा पडतो, कारण त्या उंचीवर शेजारची घरे आणि झाडे आडवी येतात. मध्ये डोंगर असेल तर हे गणित बाजूला ठेवा आणि डोंगराच्या अलीकडे एखादे छोटे रिले केंद्र आहे का ते शोधा. रिले केंद्रांचे ध्रुवीकरण पुष्कळदा उभे असते, जेणेकरून मुख्य टॉवरच्या सिग्नलशी गोंधळ होऊ नये.

अँटेना निवडताना

अँटेनाची दांडी किती लांब हवी हे फ्रिक्वेन्सी ठरवते. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते आणि दांडी साधारण तिच्या निम्मी लागते. ६०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ५० सेंटिमीटर, दांडी २५. २०० मेगाहर्ट्झला दांडी ७५ सेंटिमीटर. म्हणून भिंतीवर चिकटवायचा चपटा अँटेना यूएचएफवर बरा चालतो आणि व्हीएचएफवर, म्हणजे खालच्या पट्ट्यावर, हात टेकतो. तुमच्या यादीत १७४ ते २३० मेगाहर्ट्झमधले एकही केंद्र असेल, तर खोक्यावर व्हीएचएफ लिहिले आहे का तेवढ्यावर न जाता अँटेनात खरोखर तेवढ्या लांब दांड्या आहेत का ते बघा.

यूएचएफचा पट्टाही पूर्वीएवढा राहिलेला नाही. वरचा भाग मोबाइल सेवांना गेला: युरोपात टीव्हीसाठी आता ४७० ते ६९४ मेगाहर्ट्झ उरले, अमेरिकेत ४७० ते ६०८. ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा जुना यागी अँटेना अजून चालतो, पण यागीची ताकद पट्ट्याच्या वरच्या टोकाला सर्वाधिक असते आणि खाली उतरत जाते. म्हणजे तो जोर लावतो मोबाइलच्या लहरींवर आणि टीव्हीच्या वाट्याला उरलेले येते. नवीन घेत असाल तर आजच्या पट्ट्यासाठी बनवलेलाच घ्या.

प्रकार मुख्यतः चार. खोलीत ठेवायचा, दोन ओढदांड्या आणि एक कडे असलेला अँटेना: टॉवर १०-१५ किलोमीटरवर आणि मध्ये फारसे काही नसेल तर पुरतो. दांड्या व्हीएचएफसाठी, कडे यूएचएफसाठी. दुसरा यागी, १९२६ च्या सुमारास जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांच्या कामातून आलेला: एका नळीवर ओळीने दांड्या, एकाच दिशेला तीक्ष्ण, लांबच्या टॉवरसाठी उत्तम. तिसरा लॉग-पिरिऑडिक, दिसायला यागीसारखाच पण पुढे निमुळता होत गेलेला; ताकद थोडी कमी, पण सगळ्या पट्ट्यावर सारखी. चौथा जाळीचा पॅनेल, ज्यात फुलपाखरासारख्या जोड्या आणि मागे धातूची जाळी असते. तो यागीपेक्षा जरा जास्त रुंद कोनातून सिग्नल घेतो, त्यामुळे दोन टॉवर एकमेकांपासून २०-३० अंशांवर असतील तर सोयीचा पडतो.

'डिजिटल अँटेना' किंवा 'फोर-के अँटेना' असे काही नसते. अँटेना लहरी पकडतो. त्या लहरींवर काय लादले आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. खोक्यावर शेकडो किलोमीटरची रेंज छापलेली असेल तर वरचे ६२ किलोमीटरचे गणित आठवा आणि ते खोके परत ठेवा. छापील आकड्यांतला उपयोगी आकडा एकच, गेन (टॉवरच्या दिशेचा सिग्नल अँटेना किती वाढवून घेतो), तोही तुमच्या फ्रिक्वेन्सीवरचा. तो डेसिबलमध्ये (डीबी) मोजतात; ३ डीबी म्हणजे दुप्पट शक्ती. चांगल्या मोठ्या यूएचएफ यागीचा गेन १० ते १५ डीबीच्या घरात असतो.

कुठे लावायचा

सगळ्यात चांगली जागा छपरावर, टॉवरच्या दिशेने मोकळी. तिथे शक्य नसेल तर बाल्कनी, तेही नसेल तर टॉवरकडची खिडकी. काँक्रीटची भिंत सिग्नल बराच खाते, पत्र्याचे छप्पर किंवा धातूचे जाळीदार पडदे त्याहून जास्त. उष्णता अडवणाऱ्या काचांवर धातूचा अतिपातळ थर असतो, म्हणून अशा बंद खिडकीत लावलेला अँटेना भिंतीआड लावल्यासारखाच वागतो. खिडकी उघडून बघा. सिग्नल एकदम वाढला तर कारण सापडले.

खोलीत अँटेना लावताना जागा बोटभर सरकवून बघायला आळस करू नका. सरळ आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर एका जागी एकमेकींना मारतात, दुसऱ्या जागी जोर देतात. ६०० मेगाहर्ट्झवर या दोन जागांमध्ये जेमतेम १२-१३ सेंटिमीटर अंतर असते. वीतभर हलवून चॅनेल येते-जाते ते यामुळे. टीव्हीच्या अगदी मागे, वायफायच्या डब्याजवळ आणि एलईडी दिव्यांच्या स्वस्त अडॅप्टरशेजारी अँटेना ठेवू नका. ही सगळी उपकरणे स्वतः गोंगाट करतात, व्हीएचएफवर तर विशेष.

छपरावर काम करायचे तर आधी विजेच्या तारा बघा. खांब कोणत्याही बाजूला पडला तरी तारेला लागणार नाही, इतके अंतर हवे: खांबाची आणि अँटेनाची मिळून जेवढी लांबी, तेवढे आणि वर आणखी तीन मीटर. तेवढी जागा नसेल तर ती जागाच सोडा. ओल्या छपरावर, वाऱ्यात किंवा एकट्याने चढू नका. खांब धातूचा असेल तर जाड तांब्याच्या तारेने त्याला अर्थिंग द्या आणि केबल घरात शिरते तिथे अर्थिंग ब्लॉक बसवून तोही त्याच अर्थिंगला जोडा. घराच्या विजेच्या अर्थिंगशी हे कसे जोडायचे याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. एवढा भाग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावा. अर्थिंगमुळे साठलेला विद्युतभार निघून जातो. वीज थेट पडली तर ते टीव्ही वाचवेलच असे नाही, म्हणून गडगडाट सुरू व्हायच्या आत अँटेनाची पिन काढून ठेवणे शहाणपणाचे.

बसवताना सर्रास होणारी चूक: यागी उलटा लावणे. आखूड दांड्यांचे टोक टॉवरकडे, जाळी किंवा सर्वांत लांब दांडी मागे. यू-क्लॅम्पचे नट आत्ता हाताने फिरवता येईल इतकेच आवळा; दिशा अजून ठरायची आहे. टॉवरचे ध्रुवीकरण उभे असेल तर अख्खा अँटेना ९० अंशांत फिरवून दांड्या उभ्या करा. आडवा-उभ्याची गल्लत झाली तर १५-२० डीबीपर्यंत सिग्नल हातचा जातो, आणि तो कोणत्याही अँप्लिफायरने परत येत नाही.

केबल आणि पिना

७५ ओहमची आरजी-६ घ्या. जुनी, बारीक आरजी-५९ घरात पडून असेल तर ती दोन-तीन मीटरच्या कामाला ठीक. आरजी-६ मध्ये ५५० मेगाहर्ट्झच्या आसपास १०० मीटरला सुमारे १६ डीबी गळती होते, म्हणजे २० मीटरच्या केबलमध्ये ३ डीबी: छपरावर मिळालेल्या शक्तीतली निम्मी वाटेतच संपली. त्यामुळे केबल लागेल तेवढीच ठेवा. जास्तीचे वेटोळे टीव्हीमागे गुंडाळून ठेवू नका आणि कोपऱ्यात काटकोनात मोडू नका. वळण मुठीपेक्षा लहान नको.

केबलच्या टोकाला लावायचे एफ कनेक्टर (आट्यांच्या नटाचे) साधनाने दाबून बसवायचे, म्हणजे कॉम्प्रेशन प्रकारचे घ्या. केबलवर फिरवून बसवायचे सोपे वाटतात, पण काही महिन्यांनी सैल होतात. टोक असे करा:

१. केबलचे टोक काटकोनात कापा. टोकापासून १२-१३ मिलिमीटरवर बाहेरचे काळे आवरण गोल कापून काढा. ब्लेड जाळीपर्यंत जाऊ देऊ नका.
२. वेणीसारखी विणलेली जाळी मागे, काळ्या आवरणावर दुमडा. खालचा चिकटलेला पातळ पत्रा तसाच राहू द्या.
३. टोकाचे ६ ते ८ मिलिमीटर पांढरे प्लास्टिक पत्र्यासकट काढा. मधल्या तारेवर ओरखडा नको. ती बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते आणि ओरखडा पडला तर तिथेच तुटते किंवा गंजते.
४. आता डोळ्याजवळ धरून बघा. जाळीचा केसाएवढा एक धागा जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो आणि सगळी चॅनेल एकदम जातात.
५. कनेक्टर सरळ आत ढकला. आत बघितल्यावर पांढरे प्लास्टिक कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट बसलेले दिसायला हवे आणि तार नटाच्या कडेबाहेर दोनेक मिलिमीटर. मग साधनाने दाबा.

टीव्हीचे सॉकेट आट्यांचे आहे की पिन नुसती दाबून बसवायची आहे, तेही आधी बघा. एफ कनेक्टर अमेरिकेत सर्वत्र; युरोपसह अनेक देशांत टीव्हीला दाबून बसणारी गोल पिन लागते. त्यासाठी छोटा अडॅप्टर मिळतो, टोक पुन्हा कापायची गरज नाही.

बाहेरच्या जोडावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ओढून गुंडाळा आणि वर साधी काळी टेप. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, भिंतीच्या भोकातून आत येणार नाही. केबलमध्ये एकदा पाणी शिरले की जाळी हिरवी-काळी पडते आणि सिग्नल महिनोन्महिने हळूहळू उतरत जातो. अशी केबल वाळवून उपयोग नसतो. ती बदलावी लागते.

स्कॅन

टीव्ही अँटेनाला थेट जोडा. मध्ये स्प्लिटर (एका केबलच्या अनेक वाटा करणारा) नको, रेकॉर्डर नको, भिंतीतले जुने सॉकेटही नको. मेन्यूत जाऊन देश बरोबर निवडा. ही पायरी लोक सोडून देतात, पण चॅनेलची रुंदी, पट्टा आणि क्रमांकांची मांडणी टीव्ही त्यावरूनच ठरवतो. मग स्रोत म्हणून 'अँटेना' किंवा 'एअर' निवडा. चुकून 'केबल' निवडले तर स्कॅन पूर्ण होतो, पण हाताला काही लागत नाही किंवा मोजकीच चॅनेल लागतात. आता ऑटो स्कॅन सुरू करा आणि तो संपेपर्यंत रिमोटला हात लावू नका; पाच-दहा मिनिटे लागू शकतात.

मिळालेली यादी टॉवरच्या यादीशी ताडून बघा. डिजिटलमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेलचा एकच गठ्ठा येतो. म्हणून एखादेच चॅनेल दिसत नसेल तर ते कूटबद्ध आहे का, किंवा त्याचे कोडिंग टीव्हीला वाचता येते का ते बघा. अख्खा गठ्ठा गायब असेल तर ती फ्रिक्वेन्सी पोहोचत नाही. त्या एका फ्रिक्वेन्सीसाठी सगळा स्कॅन पुन्हा नको. मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये तिचा क्रमांक टाका. तिथे बहुतेक टीव्ही जागच्या जागी पट्ट्याही दाखवतात आणि पुढच्या कामाला त्याच लागणार आहेत.

दिशा अचूक करणे

पट्ट्या सहसा दोन असतात: ताकद आणि गुणवत्ता. नजर गुणवत्तेवर ठेवा. ताकद ९० आणि गुणवत्ता २० असे होऊ शकते, कारण ताकदीच्या पट्टीत गोंगाटही मोजला जातो. टक्क्यांना फारसा अर्थ नाही, प्रत्येक कंपनीचे वेगळे. आपल्याला फक्त चढले की उतरले एवढे पाहायचे.

एकाने टीव्हीसमोर बसावे, दुसऱ्याने अँटेनापाशी, दोघांत फोन चालू. यादीतली सर्वांत कमजोर फ्रिक्वेन्सी लावा. मजबूत लावली तर पट्टी भरलेलीच राहते आणि काही कळत नाही. होकायंत्राने अंदाजे दिशा घ्या. फोनचे होकायंत्र पोलादी खांबाजवळ खोटे बोलते, म्हणून दोन-तीन मीटर दूर उभे राहून दिशा बघा आणि दूरची एखादी खूण लक्षात ठेवा. मग पाच-पाच अंशांनी फिरवा आणि प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबा. डिजिटल ट्यूनरची पट्टी मागून येते आणि घाई केली की उत्तम जागा ओलांडून पुढे जाता.

सर्वोत्तम जागा थेट शोधण्यापेक्षा तिच्या दोन्ही बाजू शोधा. डावीकडे फिरवत चित्र फुटेल तिथे खांबावर खूण करा, उजवीकडे फिरवत फुटेल तिथे दुसरी. अँटेना दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये आणा आणि नट आवळा. शिखरापाशी पट्टी बराच वेळ सपाट दिसते, कडा मात्र स्पष्ट कळतात. त्यामुळे ही रीत जास्त अचूक पडते. आवळताना अँटेना हलतो, तेव्हा शेवटी पट्टी पुन्हा बघा. नंतर ऑटो स्कॅन आणखी एकदा.

अँप्लिफायर आणि स्प्लिटर

अँप्लिफायर सिग्नल स्वच्छ करत नाही. आलेला सिग्नल आणि आलेला गोंगाट दोन्ही मोठे करतो, वर स्वतःचा थोडा गोंगाट घालतो. एटीएससीला चित्रासाठी सिग्नल गोंगाटापेक्षा सुमारे १५ डीबी वर लागतो. अँटेनापाशीच तो १२ डीबी असेल तर अँप्लिफायर लावूनही १२ च्या आतच राहणार. मग त्याचा उपयोग काय? पुढच्या केबलमध्ये आणि स्प्लिटरमध्ये होणारी गळती भरून काढणे. म्हणून त्याची जागा खांबावर, अँटेनाच्या पायाशी. टीव्हीमागे लावला तर गळती होऊन गेलेली असते. घेताना जास्त डीबीचा नव्हे, कमी नॉइज फिगरचा (तो स्वतः किती गोंगाट घालतो त्याचा आकडा) बघा. २ डीबीच्या आसपास असेल तर चांगला.

खांबावरच्या अँप्लिफायरला वीज त्याच केबलमधून वर जाते, खोलीतल्या छोट्या पुरवठा डब्यातून. हा डबा आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये स्प्लिटर आला आणि तो वीज जाऊ देणारा नसला, की अँप्लिफायर बंद पडतो. बंद अँप्लिफायर सिग्नलला नुसता पुढे जाऊ देत नाही, तो जवळपास अडवतोच. काही टीव्ही आणि बॉक्स सॉकेटातूनच ५ व्होल्ट देतात. तो पर्याय मेन्यूत असतो. साधा, विनाअँप्लिफायर अँटेना असेल तर तो बंद ठेवा, नाहीतर 'अँटेना शॉर्ट' असा इशारा येऊ शकतो.

टॉवर जवळ असेल तर अँप्लिफायर घातकच. ट्यूनर गुदमरतो आणि एक मजबूत केंद्र बाकीच्यांना बुडवते. अँप्लिफायर काढल्यावर चॅनेल वाढली तर हेच घडत होते.

दोन टीव्ही जोडायला दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला साधारण ३.५ डीबी खातो, चार वाटांचा ७ डीबी. चार वाटांचा घेऊन दोन रिकाम्या ठेवू नका. ठेवाव्याच लागल्या तर त्यांवर ७५ ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे रिकामी वाट बंद करणाऱ्या टोप्या, बसवा. केबलला केबल पिळून टेपने गुंडाळण्याचा जोड मात्र अजिबात नको; ॲनालॉगच्या काळात तो कसाबसा खपला, डिजिटलमध्ये खपत नाही.

बिघडले तर कुठे बघायचे

डिजिटल चित्र आधी चौकोनी तुकड्यांत फुटते, आवाज तुटतो आणि मग एकदम 'सिग्नल नाही'. मधली पायरी जवळपास नाहीच. यामुळे कालपर्यंत उत्तम दिसणारे चॅनेल फक्त १ डीबी कमी झाल्याने आज जाऊ शकते. म्हणून दिशा ठरवताना चित्र आले एवढ्यावर थांबू नये. पावसाळी दिवसासाठी काही डीबी हातात राखून ठेवावेत.

सगळी चॅनेल एकदम गेली: केबल, पिन, अँप्लिफायरची वीज, याच क्रमाने. दुसरी छोटी केबल थेट लावून बघितली की अर्धे निदान होते. वाऱ्यात चित्र फुटते: क्लॅम्प सैल, किंवा टॉवरच्या दिशेला झाडे हलताहेत. पाऊस पडून गेल्यावर फुटते आणि ऊन पडल्यावर सुधारते: जोडात पाणी किंवा ओली पाने. ठरावीक वेळेलाच फुटते: त्या वेळी घरात किंवा शेजारी काय चालू होते ते बघा, एकेक दिवा, चार्जर, मोटर बंद करत गेलात की गुन्हेगार सापडतो.

फक्त वरच्या फ्रिक्वेन्सीची चॅनेल त्रास देत असतील आणि जवळ मोबाइलचा टॉवर असेल, तर मोबाइलच्या लहरी अडवणारा फिल्टर लावा. तो अँप्लिफायरच्या आधी, अँटेनाच्या बाजूला बसतो. अँप्लिफायर एकदा गुदमरला की नंतर फिल्टर लावून काही होत नाही. फिल्टर तुमच्या देशाच्या पट्ट्याचा घ्या: युरोपात ६९४ च्या वरचे कापणारा, अमेरिकेत ६०८ च्या वरचे.

शांत, वारा पडलेल्या, उच्च दाबाच्या दिवसांत कधी शेकडो किलोमीटर दूरची केंद्रे अचानक येऊ लागतात आणि जवळचीच फुटतात. हवेच्या थरांमुळे लहरी वाकून लांब जातात. तेव्हा काहीही हलवू नका आणि मुख्य म्हणजे ऑटो स्कॅन करू नका, नाहीतर तुमच्या यादीची जागा परक्या केंद्रांची यादी घेईल. एक-दोन दिवसांत हवा बदलली की सगळे आपोआप ठिकाणावर येते.

याउलट, हवामान नेहमीसारखे, बाकीची चॅनेल उत्तम आणि दोन-तीनच कायमची नाहीशी झाली, तर केंद्राने फ्रिक्वेन्सी बदलली असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत फ्रिक्वेन्सींच्या २०१७ च्या लिलावानंतर शेकडो केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी बदलल्या. ते काम २०२० पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले आणि दर टप्प्यानंतर लोकांना स्कॅन पुन्हा करावा लागला. साधा स्कॅन करूनही जुन्या नोंदी चिकटून राहिल्या तर अँटेनाची पिन काढून एक स्कॅन करा, म्हणजे यादी रिकामी होते. मग पिन लावून दुसरा.